पाव मैलाचा हिशेब: इलेक्ट्रिक गाडी ड्रॅगला न्यायची तर चाकं आणि टायर कसे निवडायचे

नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन पहिल्यांदा ड्रॅग स्ट्रिपवर निघालेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: "हलक्या रिम टाकू का?" विचारेपर्यंत निम्म्या जणांनी ऑर्डरही दिलेली असते. माझं उत्तर ठरलेलं आहे. टाका, पण सगळ्यात शेवटी. आधी हवा, मग रबर, मग टायरची रुंदी आणि उंची, आणि त्यानंतर खिशात काही उरलंच तर हलकी रिम. हा क्रम असाच का, ते आकडे मांडून सांगतो, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडणार नाही.

आधी चिठ्ठी वाचायला शिका

ड्रॅग म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ रेषेत पाव मैल, ४०२ मीटर. काही ट्रॅकवर त्याच्या निम्मं, २०१ मीटर. धाव संपली की एक चिठ्ठी हातात पडते, टायमिंग स्लिप. नवखा माणूस तिच्यावरचा शेवटचा आकडा बघतो, फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. तुम्ही वरून वाचायला सुरुवात करा. पहिला महत्त्वाचा आकडा ६० फुटांचा, म्हणजे पहिल्या १८.३ मीटरचा वेळ. टायर काय करतोय ते इथे कळतं. शेवटचा वेग, ज्याला ट्रॅप स्पीड म्हणतात, तो मुख्यतः गाडीची ताकद आणि वजन सांगतो. तिथे टायरचा हात फारसा पोचत नाही.

आणखी एक. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही किती उशिरा निघालात तो वेळ स्लिपवर वेगळा छापतात. धावेचं घड्याळ सुरू होतं ते पुढचं चाक प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर. म्हणजे गाडी साधारण फूटभर पुढे सरकेपर्यंतचा वेळ मोजलाच जात नाही. या सवलतीला रोलआउट म्हणतात. गाड्यांच्या जाहिरातींतले बरेच आकडे ही सवलत धरून दिलेले असतात, म्हणून घरच्या जीपीएस यंत्रावर तोच आकडा आला नाही तर गाडीला दोष देऊ नका. आधी यंत्रात रोलआउट चालू आहे का ते बघा.

पायरी १: तुमची गाडी रबर मागतेय की ताकद?

बहुतेक लोक ही पायरी वगळतात आणि नेमके पैसे इथेच वाया जातात. उभ्या गाडीला किती जोरात ढकलता येईल यावर दोनच मर्यादा असतात. एकतर मोटर तेवढा जोर देत नाही, नाहीतर मोटर देते आणि टायर तो रस्त्याला पोचवू शकत नाही. पहिल्या प्रकारच्या गाडीला चिकट टायर घालणं म्हणजे सायकलला ट्रकचे ब्रेक लावणं.

आपली गाडी कुठल्या गटात येते ते कळायला सोपा भागाकार आहे. २.८३ ला गाडीच्या शून्य ते शंभरच्या सेकंदांनी भागा. येतं ते सरासरी त्वरण, 'जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या पटीत. महिंद्रा बीई ६ च्या मोठ्या बॅटरीच्या गाडीला कंपनी ६.७ सेकंद सांगते, म्हणजे ०.४२ जी. टाटा नेक्सॉन ईव्हीची ४०.५ किलोवॅट-तासांची आवृत्ती ८.९ सेकंद, म्हणजे ०.३२. बीवायडी सीलची दोन मोटरींची परफॉर्मन्स आवृत्ती ३.८ सेकंद, म्हणजे जवळपास ०.७५. ही सरासरी झाली. सुटतानाचा जोर याहून बराच जास्त असतो, तेवढी जागा डोक्यात ठेवा.

आता टायरची बाजू. कोरड्या डांबरावर चांगला उन्हाळी टायर ढोबळमानाने १ जी एवढी पकड देतो. चारही चाकं ओढत असतील तर ही सगळी पकड कामी येते. फक्त मागची चाकं ओढत असतील तर मागच्या चाकांवर जेवढं वजन, तेवढीच. निघताना वजन मागे सरकतं हे धरूनही हिशेब ०.६ जीच्या आसपास थांबतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत उलटं होतं: ज्या चाकांना पकड हवी, त्यांच्यावरचंच वजन कमी होतं. तिथे ०.४५ च्या पुढे जाणं कठीण.

दोन्ही बाजू समोरासमोर ठेवा. बीई ६ मागच्या चाकांवर चालते, तिचा जोर ०.६ च्या आत मावतो. कोरड्या रस्त्यावर, बऱ्या टायरवर तिला पकडीची तंगी नाही. नेक्सॉनची सरासरी कमी असली तरी सुटतानाच्या क्षणी पुढचं चाक जागच्या जागी फिरू शकतं, म्हणून तिला टायरचा उपयोग आहे, पण पहिल्या काही मीटरांपुरता. सील दोन्ही गटांच्या सीमेवर: टायर गरम आणि चांगला असेल तर मोटर थकते, टायर थंड किंवा काटकसरी असेल तर टायर.

आता दुसरं टोक बघा. टेस्ला मॉडेल एस प्लॅडसाठी कंपनीने शून्य ते ६० मैल १.९९ सेकंद जाहीर केले, तेही रोलआउटची सूट धरून. ती सूट वजा केली तरी सरासरी १.२ जीच्या वर जाते. साध्या डांबरावर कामचलाऊ टायरने हे होणार नाही. तिथे मोटर रिकामी बसलेली असते आणि सगळा निकाल रबर लावतं. रिमाक नेव्हेराने २०२३ मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या चाचणी मार्गावर पाव मैल ८.२५ सेकंदांत कापला, तेव्हा तिच्या खाली मिशलिनचे पायलट स्पोर्ट कप २ आर होते. जवळजवळ दोन हजार अश्वशक्तीची गाडी, तरी ती उभी होती त्या चार तळहातांएवढ्या रबरावर.

भागाकार करायचा नसेल तर दुसरी खूण आहे. पूर्ण पेडल दाबून निघताना डॅशबोर्डवरचा ट्रॅक्शनचा, म्हणजे चाक घसरत असल्याचं सांगणारा, पिवळा दिवा लुकलुकतो का? लुकलुकत असेल तर गाडी रबर मागतेय. नसेल तर पायरी ३ आणि ४ वरून नुसती नजर फिरवा आणि थेट ५ वर जा.

पायरी २: हवा

फुकटात मिळणारी सुधारणा एवढीच, म्हणून सुरुवात इथून. इलेक्ट्रिक गाड्यांना कंपन्या हवा जास्त सांगतात, कारण त्यांना रेंज दाखवायची असते आणि गाडीही जड असते. टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्सच्या जुन्या, २० इंची चाकांच्या गाडीला ४२ पीएसआय सांगितलेलं असतं. या हवेत टायर फुगून कडक होतो आणि रस्त्याला कमी टेकतो.

ट्रॅकवर पहिली धाव दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या हवेवरच करा. मग दर धावेला चारही चाकांतून दोन-दोन पीएसआय काढा आणि ६० फुटांचा वेळ बघत जा. तो सुधारायचा थांबला की तिथेच थांबा. पावणेदोन-दोन टनाच्या गाडीला साध्या रस्त्यावरच्या टायरवर मी ३४ च्या खाली जात नाही. पेट्रोलवाले दोस्त सांगतील, "आम्ही २० वर चालवतो." ते खरं सांगतात, पण त्यांचे टायर त्या कामासाठी बनवलेले असतात, गाडी हलकी असते आणि मोठी हवा-कपात फक्त मागच्या चाकांपुरती असते. तुमच्या जड गाडीत ताशी १८० च्या वेगाला टायरची बाजू लचकायला लागली तर तो अनुभव दुसऱ्यांदा घ्यावासा वाटणार नाही.

हवा नेहमी थंड टायरवर मोजा आणि मोजताना सावली-ऊन बघा. तापमान साडेपाच अंश वाढलं की सुमारे एक पीएसआय वाढतं. उन्हातल्या बाजूचे दोन टायर आणि सावलीतले दोन यांत तेवढा फरक सहज पडतो, आणि मग गाडी एका बाजूला का ओढते याची चर्चा रंगते.

पायरी ३: रबर

इलेक्ट्रिक गाडीसोबत शोरूममधून येणारा टायर बहुतेक वेळा काटकसरी असतो. कमी घर्षण, जास्त रेंज, कमी आवाज. टेस्लाच्या टायरांत आवाज शोषायला आत फोमही चिकटवलेला असतो. शर्यतीच्या दृष्टीने ही सगळी गुणवत्ता उलट्या दिशेची.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' नावाचा आकडा कोरलेला असतो. ढोबळ नियम असा की आकडा जितका लहान तितकं रबर मऊ, चिकट आणि लवकर झिजणारं. मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० असतं, ट्रॅकवरच्या हौशी मंडळींचे लाडके टायर २०० चे, टोयोचा आर८८८आर १०० चा. हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या टायरला स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे २०० एकच असतील असं धरू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो बरा.

पकड वाढल्याने नेमकं किती मिळतं? गणित शाळेतलंच आहे. पहिले १८.३ मीटर सतत १ जीने धावलात तर १.९३ सेकंद लागतात. १.१ जीने १.८४. १.२ जीने १.७६. म्हणजे पकडीत दहा टक्के वाढ झाली की पहिल्या ६० फुटांत जवळपास एक दशांश सेकंद वाचतो, आणि तो शेवटपर्यंत तुमच्याबरोबर राहतो. ड्रॅगमध्ये एक दशांश म्हणजे शेजारची गाडी आरशात दिसणं की समोर दिसणं. अर्थात हे सगळं पकडीची तंगी असलेल्या गाडीसाठी, पायरी १ विसरू नका.

मग थेट ड्रॅग रेडियलच का घेऊ नये? मिकी थॉम्पसनचे ईटी स्ट्रीट, निटोचे एनटी०५आर असे रस्त्यावर चालणारे ड्रॅग टायर मिळतात. डॉजने २०१८ च्या डीमन या पेट्रोल गाडीला शोरूममधूनच निटोचे असे टायर दिले होते. पण हा टायर गरम झाल्याशिवाय चिकटत नाही, आणि तो गरम करायचा म्हणजे निघण्याआधी चाकं जागच्या जागी घुमवून धूर काढायचा. डीमनच्या पुढच्या चाकांना ब्रेक लावून मागची फिरवता येतात. चारही चाकं ओढणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीत कुठली धरायची आणि कुठली सोडायची? शिवाय गाडीचं सॉफ्टवेअर चाक फिरायला लागलं की लगेच मोटर आवरतं. थंड ड्रॅग रेडियल आणि गरम २०० चा उन्हाळी टायर यांत मी दुसरा घेईन. मागच्या चाकांवर चालणारी, ट्रॅक्शन पूर्ण बंद करता येणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

थंडीबद्दल एक ओळ: पारा ७ अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायर लाकडासारखा होतो, त्या दिवशी वेळा मोजूच नका.

पायरी ४: रुंदी, आणि पुढे बारीक चाकं लावण्याचा सल्ला

ड्रॅगच्या जुन्या जगात मागे जाडजूड, रुंद टायर आणि पुढे सायकलसारखी बारीक चाकं असतात. ते त्यांच्यासाठी बरोबर आहे: इंजिन पुढे, ओढ मागे, निघताना नाक वर उचललं जातं, पुढच्या चाकांना फक्त दिशा धरायची असते.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी फरशीखाली असते, त्यामुळे गुरुत्वकेंद्र खाली. मॉडेल ३ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.८७५ मीटर आणि गुरुत्वकेंद्र जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर. १ जीने निघताना वजनातला सहावा हिस्सा, फार तर थोडा जास्त, मागे जातो. निम्मं-निम्मं धरलं तर पुढच्या चाकांवर अजूनही तीसेक टक्के वजन उरतं आणि तिथली मोटरही ओढत असते. पुढे बारीक टायर लावलात तर तेवढी पकड स्वतःच्या हाताने फेकून दिलीत. मागचे थोडे रुंद, हे ठीक. टेस्लाने २०२४ च्या मॉडेल ३ परफॉर्मन्सला पुढे २३५ आणि मागे २७५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले, प्लॅडच्या २१ इंची चाकांना पुढे २६५ आणि मागे २९५. एवढा फरक पुरे.

पायरी ५: टायरची उंची हाच तुमचा गिअर

सगळ्यात रंजक भाग हा, आणि इथे पेट्रोलवाल्यांचा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. पेट्रोल गाडीत सात-आठ गिअर असतात, टायर थोडा लहान-मोठा झाला तर गिअरबॉक्स सांभाळून घेतो. इलेक्ट्रिक गाडीत बहुधा एकच गिअर. मॉडेल ३ मध्ये मोटर साधारण नऊ फेरे घेते तेव्हा चाक एक घेतं, बस. हे प्रमाण बदलायची तुमच्या हातातली एकच जागा म्हणजे टायरची बाहेरची उंची.

हे नवं नाही. ओरेगनमधल्या जॉन वेलंड यांनी १९७२ ची डॅटसन १२०० इलेक्ट्रिक केली आणि 'व्हाइट झोंबी' नावाने ती अमेरिकेत गाजली. २०१० मध्ये तिने पाव मैल १०.२५८ सेकंदांत कापला. तिला गिअरबॉक्सच नव्हता. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण आणि टायरची उंची, एवढ्यावर सगळं जुळवायचं होतं.

उंची काढायला टायरवरचा आकडा वाचा. २३५/३५ आर२० म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची भिंत तिच्या ३५ टक्के म्हणजे ८२ मिलिमीटर, रिम २० इंच म्हणजे ५०८. भिंत दोनदा धरा: ५०८ अधिक १६४.५, एकूण ६७२.५ मिलिमीटर. आता २३५/४५ आर१८ चं करून बघा: ६६८.७. म्हणजे २० ऐवजी १८ इंची रिम टाकली म्हणून गिअर बदलला नाही, फक्त भिंत जाड झाली. तिचाही फायदा आहे. ८२ च्या जागी १०६ मिलिमीटरची भिंत सुटतानाचा धक्का पोटात घेते, आणि मोटरचा जोर एका झटक्यात येत असल्याने हा धक्का लहान नसतो.

गिअर बदलायचा असेल तर २६५/३५ आर१८ बघा. उंची ६४२.७, मूळच्यापेक्षा साडेचार टक्के कमी. सुटतानाचा जोर जवळपास तेवढाच वाढेल. गाडी ताकद मागणाऱ्या गटातली असेल तर ६० फुटांत चारेक शतांश सेकंद मिळायला हरकत नाही.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. गाडी रबर मागणाऱ्या गटातली असेल तर लहान टायरने चाक आणखी फिरेल, मिळणार काही नाही. आणि हा फायदा खालच्या वेगापुरताच आहे. एका वेगानंतर मोटर टॉर्कवर नाही, एकूण ताकदीवर मर्यादित होते, आणि तिथे गिअर कुठलाही असला तरी ढकलणारा जोर तोच राहतो. त्याहून वर, जिथे फेरे फार वाढल्याने मोटरची ताकद घसरायला लागते, तिथे लहान टायर तुम्हाला त्या उताराला लवकर नेऊन पोचवतो. म्हणून उंची कमी केल्यावर स्लिपवर ६० फुटांचा वेळ सुधारलेला आणि ट्रॅप स्पीड पडलेला दिसला तर चक्रावू नका. तुम्ही पुढचं देऊन मागचं घेतलंत. २०१ मीटरच्या ट्रॅकवर हा सौदा फायद्याचा ठरू शकतो, ४०२ वर बहुधा बरोबरीचा.

पुढचे-मागचे टायर बदलताना दोघांच्या उंचीचं मूळ प्रमाण राखा. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा दांडा नसल्याने यांत्रिक नुकसान होणार नाही, पण सॉफ्टवेअर चारही चाकांचे फेरे सतत ताडून बघत असतं. मागचं चाक कायम जास्त फिरताना दिसलं तर ते घसरतंय असं समजून ताकद कापतं.

पायरी ६: वजन, ज्याची सगळ्यात जास्त चर्चा होते

फिरणारं वजन साध्या वजनापेक्षा जास्त मोजावं लागतं हे खरं. गाडी पुढे न्यायची आणि चाक फिरवायचं, अशी दोन कामं असतात. पण "एक किलो म्हणजे दहा किलो" हे निव्वळ पारावरचं बोलणं. रिमचं वजन मध्याकडे पसरलेलं असतं, तिचा एक किलो सुमारे १.४ किलोएवढा भरतो. टायरची पट्टी अगदी बाहेर असल्याने तिचा एक किलो दोनच्या जवळ जातो, दोनच्या पुढे जाऊच शकत नाही.

समजा महाग, घडीव रिम घेऊन दर चाकामागे ४ किलो वाचवले. एकूण १६, हिशेबात २२. मॉडेल ३ परफॉर्मन्स चालकासकट १,९०० च्या पुढे जाते, म्हणजे सव्वा टक्क्याच्याही आत. पाव मैलाचा वेळ वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे सव्वा टक्क्याचा तिसरा हिस्सा धरा. ११.८ सेकंदांच्या गाडीला साडेचार शतांश सेकंद. ते नको असं मी म्हणत नाही. पण डिकीतली चार्जिंग केबल, मुलाची खुर्ची, पाण्याचा क्रेट आणि पुढच्या डिकीत पडलेलं जुनं सामान काढलं तरी जवळपास तेवढंच मिळतं, आणि त्याला हजारो डॉलर लागत नाहीत.

गंमत म्हणजे गाडी पकडीच्या मर्यादेवर असते त्या पहिल्या क्षणांत हलक्या रिमचा काहीच फायदा नसतो. मोटरकडे जोर शिल्लकच असतो, अडलेलं असतं ते रबराशी. शिवाय चाकाआधी मोटरचा रोटर फिरतो, नऊपट वेगाने. त्याचं जडत्व गिअरच्या वर्गाने, म्हणजे ८१ पटीने चाकावर येऊन बसतं. ते कमी करायचा उपाय तुमच्या-माझ्याकडे नाही.

चाकांवर बसवायच्या प्लास्टिकच्या सपाट झाकणांबद्दलही विचारतात. प्लॅडची १९ आणि २१ इंची चाकं यांत अमेरिकी सरकारी चाचणीत ३९६ आणि ३४८ मैल असा रेंजचा मोठा फरक आला होता, म्हणून वाटतं की ड्रॅगमध्येही पडेल. तसं होत नाही. ताशी १८० लासुद्धा मॉडेल ३ परफॉर्मन्ससारख्या गाडीला हवेचा एकूण विरोध मोटरच्या जोराच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढा, आणि झाकणांचा वाटा त्यातलाही चिमूटभर. तसंही दाबून बसवलेली झाकणं अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत चालत नाहीत. घरी काढून ठेवा.

पायरी ७: बसेल का, टिकेल का

रिम घेण्याआधी पाच गोष्टी तपासा. बोल्टांचं वर्तुळ: मॉडेल ३ ला पाच बोल्ट ११४.३ मिलिमीटरवर, मॉडेल एसला १२० वर, एकाची चाकं दुसरीला लागत नाहीत. मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं, सैल असेल तर कडी टाका. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिची हबला टेकणारी बाजू किती आत-बाहेर आहे ते अंतर, चुकला तर टायर मडगार्डला घासेल. ब्रेक: मॉडेल ३ परफॉर्मन्सच्या पुढच्या चकत्या ३५५ मिलिमीटरच्या आहेत, सगळ्या १८ इंची रिम त्यांच्यावरून जात नाहीत, विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

पाचवी गोष्ट भार आणि वेग. टायरवरचा ९२ हा आकडा म्हणजे एका टायरला ६३० किलो, ९७ म्हणजे ७३०. मूळ टायरपेक्षा खाली जाऊ नका. पुढचं अक्षर वेगाचं: व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. प्लॅड पाव मैलाच्या शेवटी ताशी २५० च्या जवळ असते, म्हणजे व्ही टायर तिला चालणारच नाही. स्वस्तात मिळाला म्हणून घेणारे भेटतात.

पायरी ८: ट्रॅकवर

अमेरिकेत असाल तर सुरुवातीला 'टेस्ट अँड ट्यून' किंवा कॅलिफोर्नियातल्या सोनोमा ट्रॅकवरच्या बुधवार संध्याकाळसारखा हौशी कार्यक्रम गाठा. एनएचआरएच्या ट्रॅकवर १३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला हेल्मेट लागतं, आणि आजकालची बहुतेक वेगवान इलेक्ट्रिक गाडी त्यात येते. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' भरते. धावपट्टी ही ड्रॅग स्ट्रिप नाही, तिच्यावर वर्षानुवर्षांचं रबर बसलेलं नसतं, म्हणून अमेरिकेतल्या स्लिपशी आपली स्लिप ताडू नका. आणि रात्रीच्या मोकळ्या हायवेवर प्रयोग नकोत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ नेमकं त्यासाठीच आहे.

सुरुवातीच्या रेषेआधी पाण्याचं डबकं असतं, चाकं घुमवणाऱ्यांसाठी. साध्या टायरवर असाल तर त्याला वळसा घालून जा. मी पहिल्या वेळी समोरच्याच्या मागोमाग त्यातून सरळ गेलो. टायरच्या खाचांत पाणी भरलं, ते मी रेषेपर्यंत वाहून नेलं, आणि हिरव्या दिव्याला चारही चाकं ओल्या फरशीवर नाचावी तशी नाचली. मागच्या चालकाने खिडकीतून हात जोडले.

रेषेवर हळू या. पहिला दिवा, मग इंचाइंचाने दुसरा, आणि तो पेटताक्षणी थांबा. असं उथळ उभं राहिलात तर रोलआउटची पूर्ण सूट मिळते. टायरची उंची कमी केली असेल तर ही सूटही काही मिलिमीटरांनी घटते, पण त्याची झोप उडवून घेऊ नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलाला किमान तीन धावा द्या. बॅटरीचं चार्ज आणि तापमान दरवेळी सारखं ठेवा. ९५ टक्क्यांवरची धाव जुन्या टायरची आणि ७० टक्क्यांवरची नव्या टायरची असेल तर तुम्ही टायर नाही, बॅटरी मोजलीत. वहीत हवा, चार्ज, रस्त्याचं तापमान, ६० फूट, २०१ मीटरचा वेळ आणि वेग, शेवटचा वेळ आणि वेग, एवढं लिहा. ६० फूट सुधारला आणि ट्रॅप स्पीड तसाच राहिला, तर बदल पकडीने केला. दोन्ही सारखे राहून शेवटचा वेळ हलला, तर बहुधा वारा होता.

पकड फार वाढवली की तिचा ताण कुठेतरी जातोच. आधी जास्तीचा जोर चाक फिरण्यात वाया जात होता, आता तो ॲक्सलचे दांडे आणि गिअर झेलतात. निघताना 'टक' असा आवाज यायला लागला तर त्या दिवसापुरतं थांबा.

घरी निघण्याआधी हवा परत पट्टीवरच्या आकड्याला आणा, आणि टॉर्क रेंच काढून नट १७५ न्यूटन-मीटरला तपासा (टेस्लाचा आकडा, बाकीच्यांनी आपल्या पुस्तिकेत बघावा). नव्या रिमचे नट पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.